कालिंदीताई अड्डूला उतरल्या

मी बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभी होते आणि खालून प्रवाळाचे खडक तपकिरी डागांसारखे सरकत होते. ऊन डोक्यावर होतं. अशा उन्हातच आत शिरायचं, तिरपं ऊन पाण्यावर चमकतं आणि तळ लपवतं, हे मला कालिंदीताईंनी शिकवलं होतं. मी डावा हात बाजूला धरला. मागे सुकाणूवर उभ्या असलेल्या चीफनी बोट डावीकडे घेतली. मी मूठ वर केली, इंजिन मंदावलं. पांढऱ्या वाळूचा मोकळा तुकडा नाळेखाली आला तसा मी तळहात खाली दाबला आणि नांगर सोडला. साखळी खडखडत गेली, थोड्या वेळाने ताणली, आणि 'टिटवी' स्थिर झाली.

या सगळ्यात कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

"पास," चीफ म्हणाले.

"डिस्टिंक्शन म्हणा की," कालिंदीताई म्हणाल्या. "मी पहिल्यांदा नांगर टाकला तेव्हा आपण कोळ्यांच्या जाळ्यात होतो."

"तेव्हा खुणा नव्हत्या."

"तेव्हा तुम्ही ओरडत होतात."

त्या सुकाणूजवळच्या कॉकपिटच्या सावलीत बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. कोचीहून निघाल्यापासून नांगराचं काम त्यांचंच होतं. अड्डूला, मालदीवच्या अगदी दक्षिण टोकाला, त्यांनी ते पहिल्यांदा माझ्याकडे दिलं. इथून पुढे सेशेल्सपर्यंत नुसतं पाणी होतं.

चीफ म्हणजे विद्याधर परुळेकर. मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना चीफच म्हणत. ही शिडाची बोट त्यांनी मोडकळीला आलेली घेतली, स्वतःच्या हाताने उभी केली, आणि अपशकुनी पक्ष्याचं नाव देऊ नका असं सुताराने बजावलं म्हणून मुद्दाम 'टिटवी' ठेवलं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून अटलांटिकमध्ये जायचं, तिथून पुढे जग, असा त्यांचा बेत होता.

मी गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्याची क्षारता मोजत असे. झुआरी नदीच्या मुखाशी आमची लाँच नमुने घ्यायला जायची आणि तिथे 'टिटवी' उभी असायची. एकदा कालिंदीताईंनी मला चहाला वर बोलावलं. मग दर रविवारी मी जाऊ लागले. वारा वाढला की शीड किती आणि कधी उतरवायचं, दोर हातातून न सुटता कसा सोडायचा, पहाऱ्यावर क्षितिज एकदम न पाहता तुकड्यातुकड्याने कसं पाहायचं, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. चुकलं की "परत" एवढंच म्हणायच्या. माझं वय तेव्हा एकेचाळीस होतं, लग्न केलेलं नव्हतं, आणि इतक्या निगुतीने मला कोणी काही शिकवल्याचं आठवत नव्हतं. म्हणून त्यांनी "येतेस का आमच्याबरोबर?" असं विचारलं तेव्हा मी बिनपगारी रजा टाकली. बरोबर नमुन्यांच्या रिकाम्या बाटल्याही घेतल्या. चीफना त्या बाटल्यांची भारी मौज वाटायची. "ही बाई खारट पाणी खारट आहे का ते बघायला चाललीय," असं ते प्रत्येक बंदरात सांगायचे.

त्याच दुपारी आमच्या शेजारी एक फ्रेंच जोडपं नांगर टाकायला आलं. नवरा सुकाणूवरून ओरडत होता, बायको नाळेवरून ओरडत होती, आणि बोट भलतीकडेच चालली होती.

"या, सिनेमा सुरू झाला," चीफ म्हणाले आणि खुर्ची वळवून बसले.

"बिचारी," कालिंदीताई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. त्या बाईकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिण्याचं पाणी आणायला आणि फोन करायला आम्ही दोघी छोट्या होडीने गान बेटावर गेलो. तिथे एके काळी इंग्रजांचा तळ होता. सरळ आखलेले रस्ते, दुतर्फा झाडं, आणि टोकाला एक लहानसा विमानतळ. पोस्टाच्या कचेरीत फोन होता.

भाऊ, माझे वडील, देवगडला एकटेच असत. बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून त्यांची नोकरी झाली होती. घरी फोन नव्हता. ठरलेल्या दिवशी ते शेजारच्या पारकरांच्या दुकानात येऊन बसत, आणि दुकानात जो कोणी असेल तो आमचं बोलणं ऐके.

"पोचलंस गो?" त्यांनी विचारलं.

"होय."

"वारो कसो आसा?"

"मंद."

"जेवतंस मा येळेवर?"

"होय, भाऊ."

"आणि त्या बाई आसत मा वांगडा?"

"आसत. बाजूकच उभ्या आसत."

"मग माका काय काळजी नाय," ते म्हणाले. "समुद्राचा माका भय नाय. समुद्र मी जन्मभर बघितलंय. लोकांच्या तोंडाचा भय वाटता. जोडपा आसा म्हणान मी होय म्हटलंय, नायतर सोडलंय नसतंय."

मी फोन ठेवला. कालिंदीताईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

"त्या बाई आहेत ना बरोबर, असं विचारत होते."

पाण्याचे कॅन भरून आम्ही परत निघालो. धक्क्याच्या अलीकडे एक बुटकी भिंत होती, तिथे त्यांनी कॅन खाली ठेवला आणि बसल्या. मीही बसले.

"उल्का, मी इथून परत चाललेय."

"बोटीवर काही राहिलं का?"

"घरी. सांगलीला, बहिणीकडे."

मला वाटलं, बहीण आजारी असेल. "मग परत कधी येणार? सेशेल्सला गाठाल आम्हाला?"

"नाही. येणार नाही."

समोर पाणी इतकं नितळ होतं की धक्क्याच्या पायऱ्या खालपर्यंत दिसत होत्या. मी म्हटलं, "भांडण झालं का तुमचं?"

"आमचं? भांडायला दोन खोल्या तरी लागतात."

"मग?"

"मला भीती वाटते," कालिंदीताई म्हणाल्या.

मी म्हटलं, मोसम चांगला आहे, चीफनी दोनदा हवामान तपासलंय, या दिवसांत वादळं इतक्या उत्तरेला येत नाहीत. मला जे ठाऊक होतं ते सगळं मी सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"या वेळची नाही गं. रोजची. लग्नानंतर त्यांच्या जहाजावर पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हापासूनची. रोज सकाळी उठायचं, ती आत ढकलायची आणि कामाला लागायचं. त्या खुणांचं कौतुक करतात ना सगळे? केवढं समजूतदार जोडपं, कधी आवाज नाही. माझा आवाज कापायचा. एकदा मी ओरडायला लागले असते तर थांबले नसते. म्हणून मीच म्हटलं, बोलायचं नाही, हात करायचे."

"चीफना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता सांगितलं तर मागची सगळी वर्षं खोटी पडतात."

"मग निघालातच कशाला? गोव्यातच सांगायचं होतं, येत नाही म्हणून."

"ते एकटे गेले असते. त्यांना अडवणारं कोणी नाही. त्यांचा दुखरा गुडघा तू बघितलायस. एकटा माणूस झोपला की बोट आंधळी चालते. ते कुठेतरी बुडाले असते आणि मी सांगलीला पेपर वाचत बसले असते. तेवढं मला जमलं नसतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर वळवली नाही.

"म्हणून मला शिकवलंत," मी म्हटलं.

"हो."

"रविवारी चहाला बोलावलंत ते."

"पहिल्यांदा नाही. पहिल्यांदा तू उन्हात उभी होतीस म्हणून बोलावलं. दुसऱ्यांदा, हो." मग म्हणाल्या, "तुझ्याआधी दोघांना बघितलं. एक जण सारखा फोटो काढायचा. दुसऱ्याला बोट लागायची. तू मात्र न बोलता काम करतेस, घाबरत नाहीस, आणि त्यांच्या टोमण्यांना उत्तर देत नाहीस. आणि तू मला आवडतेस. ते खोटं नाही. दोन्ही खरं आहे, काय करू मी?"

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी येईन पुढे. तुला काही म्हणणार नाही."

त्या खरंच काही म्हणाल्या नसत्या. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "आत्ताच भाऊंना सांगून आले मी, की तुम्ही आहात."

"ऐकलं. म्हणूनच आज बोलले, नाहीतर अजून एक दिवस ढकलणार होते." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा हात कोरडा आणि खरखरीत होता, दोरांनी झालेला. "मी देवगडला जाईन. स्वतः. त्यांच्यासमोर बसून सांगेन की मी माझ्या मनाने उतरले आणि तू माझ्या सांगण्यावरून पुढे गेलीस. माझ्या तोंडून ऐकल्यावर कोण काय बोलणार आहे? तू एवढा एक टप्पा कर. आफ्रिकेत त्यांना कोणीतरी मिळेल."

"भाऊंना अर्धवट सांगून चालत नाही."

"सगळं सांगेन."

"भीतीचंसुद्धा?"

त्यांनी कॅनचं झाकण घट्ट केलं. "भीतीचंसुद्धा."

मला तो समुद्र हवा होता, हेही सांगायला हवं. मी कालिंदीताईंवर उपकार म्हणून हो म्हटलं असं नाही. ज्या पाण्याचे आकडे मी वर्षानुवर्षं बाटलीतून काढत होते, त्याच्या मध्यावर जाऊन उभं राहायचं होतं मला, आणि पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं. एका पारड्यात तो होता आणि दुसऱ्यात माझं नाव. नावाची जबाबदारी कालिंदीताईंनी घेतली. त्यांनी सांगितलेलं कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं.

बोटीवर परतलो तेव्हा चीफनी पाण्याचा पंप खोलून मांडला होता. कालिंदीताई शिडीवरून वर चढल्या, पदराने तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "अहो, मी इथून परत जाते. उल्का येतेय तुमच्याबरोबर पुढे."

चीफनी रबराची चकती उजेडात धरली, तिच्यावरची चीर बघितली.

"विमान कधीचं?"

"परवाचं मिळेल म्हणतात."

"परवा शुक्रवार. इथल्या कचेऱ्या बंद. बोटीवरून माणूस उतरवायचा तर माझी सही लागते. उद्याच जाऊन येऊ."

"बरं."

"उल्का, तो दहा नंबरचा पाना दे जरा."

मी पाना दिला. एका संसाराचं एवढंच बोलणं झालं. माझ्यासमोर झालं म्हणून एवढंच, असं मला तेव्हा वाटलं, पण पुढचे दोन दिवस मी मुद्दाम दूर राहिले, नाळेवर जाऊन बसले, तरी आतून स्वयंपाकाच्या भांड्यांशिवाय आवाज आला नाही. डाळ कुठे, औषधं कुठे, कोणत्या डब्याचं झाकण हट्टी आहे, हे त्या मला दाखवत होत्या. "भात मऊ लागतो त्यांना. मागत नाहीत, पण लागतो," असं म्हणाल्या.

शुक्रवारी चीफनी त्यांना होडीने धक्क्यावर सोडलं. मी बोटीवरून बघत होते. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर कालिंदीताई थांबल्या, आणि मला वाटलं आता वळतील. त्या वळल्या नाहीत. जमिनीवर एक पाय ठेवून बघितला, मग दुसरा, आणि सरळ त्या झाडांच्या रस्त्याने विमानतळाकडे चालू लागल्या. इतक्या भराभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघाल्यावर पहिले काही दिवस वाराच नव्हता. समुद्र तेलासारखा जड, आणि त्यावर आम्ही दोघं, एक झोपला की दुसरा जागा, फक्त पहारा बदलताना समोरासमोर. चीफ माझ्याशी कामापुरतं बोलत. मी मऊ भात करत होते, ते खात होते. एका सकाळी, शीड नुसतंच फडफडत असताना, ते आपणहून म्हणाले:

"तुला कधी सांगितलं तिने?"

"गानला. पाणी आणायला गेलो तेव्हा."

"मला कोचीतच कळलं."

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"छे. सामान भरताना बघितलं. लोकरीचं काही घेतलं नव्हतं तिने. मोजेसुद्धा नाहीत. केपच्या थंडीत काय सुती साडीवर जाणार होती?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं."

मला तेव्हा राग आला होता, दोघांचाही. मी म्हटलं, "त्यांना भीती वाटते समुद्राची. पहिल्यापासून."

चीफ शिडाकडे बघत होते. "ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," ते म्हणाले.

"माहीत होतं आणि इतकी वर्षं नेत राहिलात?"

"ती नाही म्हणाली नाही कधी."

त्यानंतर तो विषय निघाला नाही. वारा आला. आणि मग मी ज्याच्यासाठी आले होते ते सगळं मला मिळालं: खोल पाण्याचा तो रंग, जो किनाऱ्यावरून कधीच दिसत नाही, मैलोन्‌मैल एकसारखी लाट, पहाटे डेकवर पडलेले उडते मासे. मी नमुने घेत गेले, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत गेले. आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण मी तिथे कोणाच्या तरी जागेवर होते. वाट काढून दिलेली नव्हती मला, रिकामी झालेली जागा भरायला आणलं होतं. दोर ओढताना, पहाऱ्यावर, भात शिजवताना, ते मनातून गेलं नाही.

सेशेल्सहून मी भाऊंना पत्र टाकलं. लांबलचक लिहिणं मला जमत नाही. कालिंदीताई येऊन तुम्हाला सगळं सविस्तर सांगतील, त्या सांगतील ते खरं समजा, असं लिहिलं. पुढे मादागास्कर, मग डर्बन. डर्बनला चीफना एक नॉर्वेजियन तरुण मिळाला आणि मी विमानाने परत आले. विमानतळावर निरोप देताना चीफ म्हणाले, "भात बरा करायचीस." त्यांच्या तोंडून ते बरंच होतं.

देवगडला घरी पोचले तेव्हा भाऊ ओट्यावर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी माझी पिशवी आत नेऊन ठेवली.

"भाऊ, त्या कालिंदीताई—"

"ती बाई येवन गेली," ते म्हणाले. "माका सगळा कळला."

"सगळा सांगितल्यानी?"

"होय. आता ह्या घरात तो विषय नको. जेव."

मी जेवले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असं मला त्या दिवशी वाटलं. त्यांना कळलं होतं. बाकी लोक काय बोलत असतील ते बोलोत. प्रयोगशाळेतही बोलत होते, मी खोलीत शिरले की एखादं वाक्य मध्येच थांबायचं. मी ते मनावर घेतलं नाही, कारण ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलेलं होतं.

पण भाऊ पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी रजेत घरी गेले की आधी आम्ही संध्याकाळी बंदरावर जायचो, आता ते माझ्याबरोबर बाहेर पडत नसत. कोणी भेटायला आलं की म्हणत, "तू आत जा." जन्मभर बंदरावर बसून दुसऱ्यांच्या जहाजांच्या नोंदी केलेला माणूस, त्याच्या घरातलं कोणी पहिल्यांदा इतकं लांब गेलं होतं, आणि मला त्यांना तो पाण्याचा रंग सांगायचा होता. मी दोनदा सुरुवात केली. "ऱ्हवांदे," ते म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, वय झालं, एकटं राहून स्वभाव आटला. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्याजवळ होते. मी पाजलेलं पाणी ते पीत, पण चेहरा भिंतीकडे करून.

चीफ त्यानंतर काही वर्षांनी गेले, ब्राझीलमधल्या कुठल्याशा बंदरात, झोपेत. मला ते वर्तमानपत्रातून कळलं. पुढे एकदा सांगलीच्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला गेले होते, काम लवकर आटपलं, म्हणून पत्ता विचारत कालिंदीताईंकडे गेले. इतक्या वर्षांत त्यांचं पत्र नाही, माझंही नाही. राग विझला होता. मला फक्त, देवगडला गेल्याबद्दल, आभार मानायचे होते.

वरच्या मजल्यावर रस्त्याकडेची खोली. कालिंदीताई सत्तरीच्या पुढे, केस कापलेले, अंग भरलेलं. शेजारची एक बाई जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"ये, ये," कालिंदीताई म्हणाल्या. चेहरा आधी फुलला, मग सावध झाला. "मालूताई, ही उल्का. आमच्या बोटीवर होती."

त्या बाईने मान वर केली. माझ्या गळ्याकडे, हातांकडे बघितलं. "ह्याच का त्या," तिने कालिंदीताईंना विचारलं, मला नाही. मग मेथी वर्तमानपत्रासकट उचलली आणि माझ्या अंगाला पदर लागणार नाही अशा बेताने निघून गेली.

"त्या अशा का गेल्या?" मी विचारलं.

"तिला कामं असतात."

"ताई."

कालिंदीताई खिडकीशी जाऊन बसल्या. खाली रस्ता वाहत होता.

"मी कोणाला काही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "एकटी परत आले. लोकांनी विचारलं, ते कुठे आहेत? म्हटलं, पुढे गेले. एकटेच? म्हटलं, नाही, एक बाई आहे बरोबर. एवढंच बोलले मी. बाकीचं त्यांनीच जुळवलं. आणि मग सगळे इतके चांगले वागायला लागले, उल्का. घरोघरून डबे यायचे. बहिणीच्या नवऱ्याने आपणहून ही खोली दिली. नवऱ्याने टाकलेली म्हटलं की माणसं हळवी होतात. घाबरून पळून आले म्हटलं असतं तर म्हणाले असते, मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

"लोकांचं सोडा," मी म्हटलं. "देवगडला तर गेला होतात तुम्ही. भाऊ म्हणाले मला, सगळं कळलं म्हणून."

"गेले होते."

"मग?"

"लगेच नाही गेले. उद्या जाऊ, परवा जाऊ. पावसाळा गेला, दिवाळी गेली. तोवर यांच्या परुळे गावच्या माणसांकडून तिकडे देवगडला पोचलं होतं. मी ओट्याखाली उभी राहून नाव सांगितलं. ते उठले. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी हात जोडले. तुझ्याशी फोनवर बोलायचे तसं नाही, अगदी शुद्ध बोलले, अर्जात लिहितात तसं. म्हणाले, 'बाई, माझ्या मुलीने आपला संसार मोडला. तिच्या वतीने मी आपली क्षमा मागतो.'"

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मी सांगणार होते. देवाशप्पथ सांगणार होते. म्हटलं, आधी खाली तर बसा, मोठे आहात, मग बोलू. बसेनात. पाय थरथरत होते त्यांचे, तरी उभे. म्हणाले, आपण माफ केलं असं म्हटल्याशिवाय मी बसणार नाही."

"मग?"

कालिंदीताईंनी खिडकीचं एक दार ओढून घेतलं.

"मग म्हटलं मी, केलं माफ. तेव्हा ते बसले."